चुलत भावाचं बोअर चालू झालं की गावच्या विहिरीचं पाणी खाली जातंय, मार्ग सुचवा

विहिरीवरचा (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. लांबड लागणार आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहितो.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावरच्या एका लहान गावात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे. नऊ वर्षं झाली. व्हॉल्व्ह सोडणं, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घालणं, गळती बुजवणं, मोटर जळली की काढणं, नमुना बाटली तालुक्याला पोचवणं, सगळं माझ्याकडे. गावात 1,200 माणसं. जनावरंही भरपूर, कारण आमचा भाग खव्याचा. पहाटे चारला भट्ट्या पेटतात.

पाणी येतं ओढ्याकाठच्या सार्वजनिक विहिरीतून. 72 च्या दुष्काळी कामावर खोदलेली. माझ्या आईनं तिचा मुरूम डोक्यावर वाहिला आहे, त्या वेळी ती अठरा वर्षांची होती. विहिरीचा व्यास 6 मीटर, खोली 42 फूट. वरच्या 14 फुटांना दगडी बांधकाम, खाली उघडा खडक. तीन झरे आहेत. त्यातला मोठा पूर्वेच्या अंगाला, 30 फुटांवर. तिथे खडकात तळहात जाईल एवढी आडवी भेग आहे. गाळ काढायला उतरलो की त्या भेगेत हात घालतो, पाणी बोटांना ढकलतं. यंदा गाळ काढताना हात घातला तर भेग नुसती ओली होती.

माझ्याकडे एक दोरी आहे. दर फुटाला गाठ, दर पाच फुटांना लाल चिंधी, टोकाला जुन्या व्हॉल्व्हचा पितळी तुकडा. रोज सकाळी मोटर लावायच्या आधी विहिरीत सोडतो. पितळ पाण्याला टेकलं की दोरी बोटांत हलकी लागते. मग गाठी मोजून वहीत लिहितो. तिसरी वही चालू आहे. त्या वह्यांप्रमाणे दरवर्षी जानेवारीअखेर पाणी काठापासून 16-17 फुटांवर असायचं. मोटर तीन तास चालायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहीर पुन्हा तेवढीच. यंदा 16 जानेवारीलाच 27 फूट. आता 29-30. मोटर 50 मिनिटांत हवा ओढायला लागते. गावाला चौथ्या दिवशी पाणी देतोय. पाऊस कमी झाला म्हणावं तर ओढा डिसेंबरपर्यंत वाहत होता.

फरक एकच पडला आहे. नोव्हेंबरात माझ्या सख्ख्या चुलत भावानं विहिरीपासून 140 पावलांवर बोअर घेतलं. 430 फूट खोल, केसिंग (भोकाच्या वरच्या भागात बसवलेला पाइप) 20 फूट, अडीच इंची पाणी लागलं. त्यावर अडीच एकर ऊस लावला.

संशय घेऊन भावाला दुखवायचं नव्हतं, म्हणून एक रात्र घोंगडी घेऊन विहिरीवर बसलो. त्या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची थ्री फेज, म्हणजे शेतीच्या मोटरी चालवणारी लाईट होती. गावची मोटर मी संध्याकाळपासून बंद ठेवली. 11 ला लाईट आली, भावाची पाणबुडी ऑटोवर आहे, ती सुरू झाली. 11 ला दोरी 29 फूट. मग दर अर्ध्या तासाला सोडत गेलो. 3 ला लाईट गेली तेव्हा 30 फूट 6 इंच. पुढे ती आलीच नाही. पहाटे 6 ला पाणी 30 फूट 2 इंचांवर आलं होतं. म्हणजे बोअर चालू तर विहीर खाली, बोअर बंद तर विहीर वर. आता स्वतःची समजूत काढायला जागा उरली नाही.

प्रश्न असे आहेत.

विहिरीला वाचवायचं कसं? तक्रार केली तर भावाचं बोअर सील होईल, ऊस जळेल, आणि आमच्या दोन घरांचं येणं-जाणं कायमचं संपेल. आमचे वडील एका ताटात जेवलेले.

गावात नवी 60,000 लिटरची टाकी झाली, घरोघर नळ आले. पण टाकी भरेल एवढं पाणीच नाही. आता गुत्तेदार (ठेकेदार) म्हणतोय, ग्रामपंचायतीनं 500 फुटांचं स्वतःचं बोअर घ्यावं. सदस्यही तयार आहेत. घ्यावं का?

आणि या वेळच्या तपासणीत नायट्रेट 68 आलं आहे. शाळेजवळ आरओचं एटीएम, म्हणजे पैसे टाकले की शुद्ध पाणी देणारं यंत्र बसवा असं काही जण म्हणतात. मी बायामाणसांना पाणी उकळून प्यायला सांगतोय. बरोबर करतोय ना?

---

खडकवाचक

भाऊ, मी भूजलाच्या कामात 31 वर्षं घालवून निवृत्त झालो. तुम्ही दोरीनं जे केलं तेच आम्ही यंत्रं लावून करतो, त्याला पंपिंग टेस्ट म्हणतात. तुमच्या तिन्ही वह्यांचे फोटो आजच काढून ठेवा. तुमच्या गावात त्यांच्याइतका मोलाचा कागद दुसरा नाही.

आधी आकडा मांडू. गोल विहिरीतलं पाणी लिटरमध्ये काढायचं तर व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले 785, सगळं मीटरमध्ये. तुमच्या विहिरीत मीटरभर पाणी म्हणजे 28,260 लिटर. त्या रात्री चार तासांत दीड फूट उतरलं, म्हणजे 13,000 लिटरच्या आसपास. शिवाय तुमची मोटर बंद असताना विहीर वर यायला हवी होती. ते न आलेलं पाणी वेगळंच.

आता खडकाकडे या. राज्याची सुमारे 81 टक्के जमीन लाव्ह्याच्या थरांची आहे आणि तुमचा बालाघाट त्यातच येतो. थरावर थर. प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र, त्याला बोअरवाले मांजऱ्या म्हणतात. पोटात घट्ट काळा पाषाण. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा. पाणी मुरतं ते मुरमात, मांजऱ्यात, पाषाणाच्या भेगांत आणि थरांच्या सांध्यात. तुमची 30 फुटांवरची आडवी भेग हा बहुतेक असाच सांधा. विहीर पन्नास वर्षं त्याच्यावर जगली.

भावाच्या बोअरचं केसिंग 20 फूट. त्याखाली 410 फूट भोक उघडं. म्हणजे तुमच्या विहिरीचा सांधा त्या बोअरमध्येही उघडा पडला आहे आणि तिथलं पाणी सरळ खाली कोसळतंय. मोटर चालू असताना जास्त, पण मोटर बंद असतानाही थोडं कोसळतच असणार. म्हणूनच 3 ला लाईट गेल्यावर तीन तासांत विहीर जेमतेम चार इंच चढली.

याची खात्री स्वतः करून घ्या. मोटर तासभर बंद ठेवा, बोअरचं टोपण काढा आणि पाइपाला कान लावा. पाणी पडल्याचा आवाज येईल. मग दुपारी बाराच्या सुमाराला आरशानं ऊन आत पाडा. केसिंग संपतं त्याच्या खाली कुठेतरी ओली धार चमकताना दिसेल. ती किती फुटांवर आहे ते दोरीनं मोजा. 30 च्या आसपास निघाली तर दुखणं सापडलं असं समजा.

यावर इलाज आहे आणि त्यासाठी बोअर बुजवायला लागत नाही. मोटर काढायची, आत लहान व्यासाचं पीव्हीसी केसिंग त्या सांध्याच्या बरंच खाली, घट्ट पाषाणात टेकेपर्यंत सोडायचं, तळाला पॅकर (फट बंद करणारं बूच) बसवायचा आणि बाहेरच्या फटीत सिमेंटची लापशी भरायची. वरचा सांधा बंद झाला की वरचं पाणी विहिरीचं, खालचं पाणी बोअरचं. भावाचं पाणी कमी होईल हे त्याला आधीच स्पष्ट सांगा. अडीच इंचीतलं किती वरचं आणि किती खालचं, ते केल्याशिवाय कळणार नाही.

500 फुटांच्या बोअरचं म्हणाल तर घेऊ नका. जितकं खोल तितकं पाणी जास्त, हा हिशोब गंगेच्या मैदानात चालतो, आपल्या पाषाणात चालत नाही. खोल भेगेत पाणी लागलंच तर ते वर्षानुवर्षं साठलेलं असतं. दोन उन्हाळे चालतं, मग मोटर नुसती घरघरते. आणि तुमचं बोअरही 20 फुटांच्या केसिंगवरच घेतलं तर त्याच सांध्याला दुसरं भोक पडेल. मग विहीर मेलीच.

कायदा काय सांगतो तेही लिहितो, माहीत असलेलं बरं. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून, म्हणजे स्रोतापासून, 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. हे 1993 च्या कायद्यात होतं आणि 2009 चा जो भूजल कायदा 2014 पासून लागू झाला, त्यातही उद्भवाला संरक्षण आहे. तुमची 140 पावलं म्हणजे शंभर मीटरच्या आसपास. तेव्हा बाजू गावाचीच आहे. पण कायदा शेवटी काढा. आधी भावाला त्या बोअरला कान लावू द्या.

---

विहिरीवरचा

काका, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. पाइपाला कान लावायचं कधी सुचलंच नाही. एक शंका. सांधा बंद केल्यावर विहीर लगेच भरेल, की खाली गेलेलं पाणी गेलंच?

खडकवाचक

गेलेलं गेलंच. पण रोजची गळती थांबेल आणि ओढ्याकडून सरकत येणारं पाणी पुन्हा विहिरीपर्यंत पोचेल. खरी परीक्षा पावसाळ्यानंतर. पुढच्या जानेवारीत तुमची दोरी 20 फुटांच्या आत ओली झाली तर मला इथे जरूर कळवा.

भूजल विभागाच्या अपारंपरिक उपाययोजनाही आहेत. विहिरीभोवती उथळ भोकं पाडून सुरुंगानं खडक सैल करतात, त्याला जॅकेट वेल म्हणतात. ओढ्याच्या पात्रातही तसंच करता येतं. विहिरीच्या खालच्या अंगाला भेगा सिमेंटनं बुजवून पाणी अडवता येतं. वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या जिल्हा कार्यालयात ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन जा. पण आधी गळकं भांडं बुजवा, नंतर पाणी ओता.

---

परांड्याचा_शेतकरी

जलसुरक्षक भाऊ, मीही बोअरवाला. तीन बोअर कोरडे गेले, चौथ्याला पाणी लागलं. तुमच्या भावाच्या मनात काय चाललं असेल ते सांगतो, कारण त्याची बाजू मांडायला इथे तो नाही.

बोअर घेणारा माणूस आधी पाणाड्याला, म्हणजे जमिनीत पाणी कुठे आहे ते सांगणाऱ्याला बोलावतो. तळहातावरचा नारळ उभा राहिला की छाती भरून येते. गाडी लागते, फुटाफुटाला पैसे पडत जातात, पांढरी धूळ उडत राहते, आणि माणूस काठावर उभा राहून ती धूळ ओली कधी होते तेवढंच बघत असतो. अडीच इंच पाणी लागलं त्या दिवशी तुमच्या भावानं गावात पेढे वाटले असतील. त्याला आता "तू गावाचं पाणी चोरलं" म्हटलं तर तो ऐकणार नाही. चोरलेलंही नाही. 20 फूट केसिंग त्यानं ठरवलेलं नसतं, गाडीवाल्यानं मुरूम संपला तिथे थांबवलेलं असतं. केसिंगचे पैसे वेगळे, म्हणून आम्हीही गप्प बसतो.

दुसरी गोष्ट, ऊस का लावला म्हणून त्याला बोल लावू नका. सोयाबीनच्या भावानं माणूस खचला आहे. उसाला निदान कारखान्याची गाडी येते.

आमच्याकडे असाच गुंता झाला होता. बोलणं केलं ते देवळात नाही आणि ग्रामपंचायतीतही नाही, बोअरवाल्याच्या ओसरीवर केलं. चार वडीलधारे, दोन बाया आणि ऊस समजणारा एक माणूस, बस. ठरलं असं की उन्हाळा संपेपर्यंत रोज पहिले दोन तास बोअरचं पाणी गावच्या टाकीत, उरलेलं उसाला, आणि ऊस ठिबकवर आणायचा. टंचाईत तहसीलदार खासगी विहिरी-बोअर अधिग्रहित करतात आणि त्याचा मोबदला देतात. तो कागद आम्ही रीतसर केला, म्हणजे बोअरवाल्यालाही मान राहिला. तुमच्याकडे केसिंगचं काम होईपर्यंत असं करता येईल. केसिंगचा खर्च मात्र भावावर टाकू नका. वित्त आयोगाच्या बंधित निधीत पाण्यासाठी पैसे असतात, ग्रामसेवकाला विचारून बघा. नाहीतर वर्गणी काढा.

---

सांगोल्याची_लेक

दादा, मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून नायट्रेटचं तेवढं सांगते. आणि हे आजच गावात सांगा.

उकळल्यानं नायट्रेट जात नाही. वाफ होऊन पाणी कमी होतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. उकळल्यानं जंतू मरतात, ते वेगळं. टीसीएलनंही नायट्रेट जात नाही आणि तुरटीनंही नाही. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि या मर्यादेत सूट नाही. खारटपणा, कठीणपणा यांना दुसरा स्रोत नसेल तर थोडी सवलत आहे, नायट्रेटला नाही.

सगळ्यात जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, ते बाटलीतलं पाण्यात कालवलेलं दूध पीत असेल तर. रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते, ओठ आणि नखं निळी पडतात. आईच्या दुधावरच्या बाळाला ही भीती नाही. तुमच्या आशाताईंना घेऊन असं वरच्या दुधावरचं बाळ गावात आहे का ते आधी बघा. असेल तर त्या घरापुरतं पाणी दुसरीकडून आणा. गरोदर बायांनाही तेच द्या.

ते येतं कुठून? तुम्हीच लिहिलंय, जनावरं भरपूर. विहिरीच्या वरच्या अंगाला किती उकिरडे आहेत ते एकदा चालत मोजा. गोठ्याचं मूत कुठे मुरतं, संडासाचे शोषखड्डे कुठे आहेत, उसाला युरिया किती पडतो, तेही बघा. संडास विहिरीपासून निदान 15 मीटर लांब असावा असं सांगतात, पण तुमच्या भेगाळ खडकात मला तेवढ्यानं समाधान वाटणार नाही. आणि विहिरीत पाणी कमी राहिलं की मिसळायला चांगलं पाणीही कमी मिळतं. खडकवाचक काकांचं दुखणं आणि माझं दुखणं इथे एकत्र येतं.

आरओ नायट्रेट काढतो, हे खरं. पिण्यापुरता बसवला तर वाईट नाही. पण त्यातून निघणाऱ्या सांडपाण्यात तेच नायट्रेट घट्ट झालेलं असतं. ते ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडलं तर फिरून तिथेच येईल. आणि फिल्टर वेळेवर बदलणार कोण, हे आधी ठरवा. मी बंद पडलेली एटीएम यंत्रं फार पाहिली आहेत, वर कोळ्यांची जाळी.

एक नमुना पुरेसा नाही. पुन्हा एक द्या, आणि शाळेच्या हापशाचाही द्या. रासायनिक तपासणीची बाटली वेगळी, ती त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळून भरायची. जंतूंची बाटली निर्जंतुक असते, ती विसळायची नाही, बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, थंड ठेवून 24 तासांच्या आत पोचवायची. गावात ज्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवलं असेल त्यांना बरोबर घ्या. कपाटातला संच बाहेर निघेल आणि त्यांनी घरोघर सांगितलं की बाया ऐकतात. माझा अनुभव आहे.

टीसीएल किती घालता?

---

विहिरीवरचा

ताई, हजार लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे टाकी पूर्ण भरली तर 300 ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू देतो, वरचं पाणी टाकीत, अर्ध्या तासानं व्हॉल्व्ह. शेवटच्या नळाच्या पाण्यात ओटी (क्लोरीन तपासायचं औषध) टाकून पिवळा रंग येतो का बघतो. गावाला हिरवं कार्ड, म्हणजे पाण्याची व्यवस्था चांगली असल्याचा शेरा आहे.

उकळण्याचं वाचून पोटात खड्डा पडला. तीन आठवडे मी दारोदार तेच सांगत होतो. आज संध्याकाळी आशाताईंबरोबर फिरलो. वरच्या दुधावरचं एक बाळ निघालं, चार महिन्यांचं. ओठ-नखं चांगली आहेत, उपकेंद्रात दाखवलं. शाळेच्या हापशाचं पाणी संचावर तपासलं, रंग फिका आला, तरी बाटली जिल्ह्याला पाठवली आहे. निकाल येईपर्यंत त्या घराला तालुक्याहून जार आणून देतोय.

उकिरडे मोजले. विहिरीच्या वरच्या अंगाला अकरा. त्यातला एक आमचा.

---

खडकवाचक

शाळेचा हापसा म्हणालात म्हणून एक सांगतो, प्रश्नाशी थेट संबंध नाही. आज देशभर गावोगाव जो हापसा दिसतो, त्याच्या आधीचे मजबूत पंप साठ-सत्तरच्या दशकांत जालना आणि सोलापूर या भागांत मिशनच्या लोकांनी बनवले. जालना पंप, सोलापूर पंप अशीच नावं होती. त्यातूनच पुढे इंडिया मार्क टू आला. शाळेचा हापसा कधी मोडीत काढू देऊ नका. वॉशर बदलत राहा. लाईट नसली तरी तो पाणी देतो.

---

कोरेगावकर

आमच्या तालुक्यात रंदुल्लाबाद आहे. तिथल्या लोकांनी शेतीला बोअर घ्यायचंच नाही असं मिळून ठरवलं आणि विहिरींवर शेती केली, त्याही सामाईक. हिवरे बाजारातही शेतीला बोअर नाही, ऊस नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. तुमच्या गावाचा ताळेबंद मी करून देतो, लहानच आहे. माणशी 55 लिटर धरा. 1,200 माणसांना दिवसाला 66,000 लिटर, वर्षाला 2 कोटी 40 लाख 90 हजार. पाटानं भिजवलेल्या उसाला 2,000 ते 2,500 मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी 2 ते अडीच कोटी लिटर. अडीच एकर म्हणजे एक हेक्टर. अख्ख्या गावाला वर्षभर जेवढं प्यायला-वापरायला लागतं, तेवढंच तुमच्या भावाच्या उसाला लागतं. भावाला वाईट वाटेल अशा रीतीनं नका सांगू, पण हा आकडा ग्रामसभेच्या फळ्यावर खडूनं लिहा. पुढचं बोअर घेणाऱ्यालाही तो दिसू दे.

आणि ठराव आत्ताच करून घ्या: विहिरीच्या 500 मीटरमध्ये यापुढे बोअरची गाडी आली तर आधी ग्रामपंचायत, मग गाडी.

---

विहिरीवरचा

सगळ्यांना कळवायचं म्हणून लिहितोय, उशीर झाला.

परवा दुपारी भावाकडे गेलो. विहीर, बोअर काही बोललो नाही. म्हटलं, एक आवाज ऐकायचाय, मोटर तासभर बंद ठेव. तो हसला, पण ठेवली. काकू ओसरीवर होत्या, त्याही काठी टेकत आल्या. टोपण काढलं. आधी मी कान लावला, मग भावाला लावायला सांगितलं. तो बराच वेळ वाकून राहिला. नळ बंद करायचा राहून गेला की रात्री न्हाणीघरातून येतो ना, तसा आवाज. पण खोल, आणि न थांबणारा. आरसा काकूंनीच घरातून आणून दिला. ऊन आत पाडलं तर केसिंगच्या खाली ओढ्याच्या बाजूनं पाणी वाहताना दिसलं, अंगठ्याएवढी धार. दोरी सोडली. 31 फूट.

काकूंनी विचारलं, हे आपल्या विहिरीचंच पाणी का? भाऊ काही बोलला नाही. काकू आणि माझी आई त्या कामावर एकाच टोळीत होत्या. काकू म्हणाल्या, मोठा झरा फुटला तेव्हा मी खालीच होते, पायाला गार लागलं. तेवढंच बोलल्या आणि घरात गेल्या.

संध्याकाळी भावाचाच फोन आला. केसिंगला तयार आहे, पण मोटर काढून काम होईस्तोवर उसाला दहा-बारा दिवस पाणी मिळणार नाही. त्या दिवसांत कुणी तरी एका पाळीचं पाणी द्यावं असं त्याचं म्हणणं. ओढ्यापलीकडच्या एका शेतकऱ्यानं आपल्या विहिरीचं द्यायचं कबूल केलं आहे. ठिबकचं त्यानं अजून मान्य केलेलं नाही, आणि मीही रेटलं नाही. कालपासून सकाळचे दोन तास त्याचं पाणी गावच्या टाकीत येतंय. ग्रामसभा 10 तारखेला आहे, फळ्यावरचा आकडा मी स्वतः लिहिणार. 500 फुटांच्या बोअरचा विषय सदस्यांनी त्या सभेपर्यंत थांबवला आहे. आमचा उकिरडा आज सकाळी हलवला. उरलेल्या दहांपैकी चार जण हलवतो म्हणाले आहेत.

काका, आता कामाचं विचारतो. बोअर साडेसहा इंची आहे, मोटर चार इंची पाणबुडी. आतलं केसिंग पाच इंची घेतलं तर मोटर बसेल ना, की वायर घासली जाईल? केसिंग किती फुटांपर्यंत न्यायचं? गाडीवाल्याच्या सांगण्याप्रमाणे 55 फुटांपासून काळा पाषाण आहे, 48 ते 55 मांजऱ्या. पॅकर 60 वर बसवला तर चालेल का? सिमेंट किती तास वाळू द्यायचं? गाडीवाला मंगळवारी येतो म्हणालाय, त्याच्या आधी उत्तर मिळालं तर फार बरं होईल.

---

खडकवाचक

पाच इंची बसेल. वायर पाइपाला दर दहा फुटांना पट्टीनं बांधून सोडा. पॅकर 60 ऐवजी 65 वर घ्या, मांजऱ्याच्या तळाला बारीक भेगा असतात. लापशी एकदम ओतू नका, बारीक पाइप फटीत खालपर्यंत नेऊन तळातून वर भरत या. तीन दिवस मोटर लावू नका. आणि लापशी भरायच्या आधी, भरल्यावर, आणि पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी तुमची दोरी सोडा. लिहीत राहा. मंगळवारी मी दिवसभर फोनजवळ आहे, नंबर निरोपात पाठवलाय.